दृष्टीआडची सृष्टी: नजरेचा एक भाग गेल्यावर न दिसलेल्या चित्रांचं मेंदू काय करतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्ट्रोकनंतर, डोक्याला मार लागल्यावर किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही जणांच्या नजरेचा एक भाग जातो. मग घरात कधी कधी एक चमत्कारिक प्रसंग घडतो. ज्या बाजूचं काहीच दिसत नाही असं तो माणूस सांगतो, त्याच बाजूने कुणी झपकन गेलं की तो दचकतो आणि अंग चोरतो. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणतो, "कुठे काय? मला काही दिसलं नाही." घरचे गोंधळतात आणि तो स्वतःही गोंधळतो.

खालचे बहुतेक प्रश्न या गोंधळातूनच येतात. उत्तरं देताना एक गोष्ट धरून ठेवली आहे: "मला दिसलं नाही" हे त्या माणसाचं म्हणणं खरं असतं, आणि त्याच्या मेंदूने दिलेला प्रतिसादही खरा असतो. एकाच्या आधारे दुसऱ्याला खोटं ठरवायची घाई केली, की पेशंटवर अन्याय होतो.

डोळे तपासले, ते ठणठणीत आहेत. मग अर्धं का दिसत नाही?

डोळा चित्र टिपतो, पण ते दिसण्याचं काम डोक्याच्या पार मागच्या भागात होतं. प्रत्येक डोळ्यामागून निघणाऱ्या ऑप्टिक नर्व्हमध्ये सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात. पुढे एका चौकात त्यातले जवळपास निम्मे तंतू बाजू बदलतात. त्यामुळे समोरच्या दृश्याचा डावा अर्धा भाग, मग तो डाव्या डोळ्याने टिपलेला असो की उजव्या, मेंदूच्या उजव्या बाजूला पोहोचतो आणि दृश्याचा उजवा भाग डाव्या बाजूला. वाटेत मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसमध्ये एलजीएन नावाचं एक ठाणं लागतं. तिथून पुढे संदेश मेंदूच्या मागच्या टोकाशी असलेल्या प्राथमिक दृष्टिकेंद्रात जातो. शास्त्रज्ञ या केंद्राला 'व्ही-वन' म्हणतात.

या केंद्राचा रक्तपुरवठा एका बाजूने तुटला की दोन्ही डोळ्यांतून दिसणाऱ्या दृश्याची विरुद्ध बाजू जाते. याला हेमिअ‍ॅनोपिया म्हणतात.

"माझा डावा डोळा गेला" अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे कधी कधी दोन्ही डोळे चांगले असतात आणि गेलेली असते दृश्याची डावी बाजू. ओळखायची साधी रीत आहे. एकेक डोळा आळीपाळीने झाकून बघायचं. कुठलाही डोळा झाकला तरी तीच बाजू गायब राहत असेल, तर बिघाड बहुधा डोळ्यात नसून मागे मेंदूत आहे. नक्की काय ते फील्ड टेस्ट (नजर कुठवर पोहोचते ते मोजणारी तपासणी) आणि एमआरआयवरून कळतं.

हे अचानक झालं तर काय करायचं?

तडक हॉस्पिटल गाठायचं. एका बाजूचं दिसेनासं होणं हे स्ट्रोकचं लक्षण असू शकतं, दुखत नसलं तरी. "सकाळपर्यंत वाट बघू" असं अजिबात करू नका. पुढचं सगळं वाचायला नंतर वेळ आहे.

गेलेल्या बाजूला काळोख दिसतो का?

बहुतेकांना नाही. तुमच्या डोक्याच्या मागे आत्ता काय दिसतंय, असं कुणी विचारलं तर तुम्ही "काळं" म्हणणार नाही. तिथे दिसण्याचा प्रश्नच नसतो. गेलेली बाजूही अनेकांना तशीच वाटते. म्हणूनच काहींना आपली अर्धी नजर गेली आहे हे दाराच्या चौकटीवर खांदा आपटेपर्यंत कळत नाही.

आपल्या सगळ्यांच्या प्रत्येक डोळ्यात असा एक छोटा आंधळा ठिपका असतो. ऑप्टिक नर्व्ह डोळ्याबाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. नजरेच्या मध्यापासून कानाच्या बाजूला साधारण १५ अंशांवर ही जागा येते. फ्रान्सच्या एडमे मारिओतने १७व्या शतकात ती दाखवून देईपर्यंत कुणाला तिचा पत्ताही नव्हता, कारण मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगरूपाने भरून काढतो. हा ठिपका लक्षात ठेवा, पुढे एका महत्त्वाच्या प्रयोगात तो कामाला आला आहे.

न दिसलेल्या गोष्टीला मेंदू प्रतिसाद देतो, हे कळलं कसं?

सुरुवात युद्धांपासून होते. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात रशियन बंदुकांच्या बारीक, वेगवान गोळ्या सैनिकांच्या कवटीतून आरपार जात आणि माणूस वाचत असे. जपानी नेत्रतज्ज्ञ तात्सुजी इनोये यांच्याकडे काम होतं या सैनिकांची नजर किती गेली ते मोजायचं, म्हणजे त्यांची पेन्शन ठरवता येईल. गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली आणि नजरेचा नेमका कुठला तुकडा गेला, हे त्यांनी जुळवत नेलं. त्यातून दृष्टिकेंद्राचा एक सुरुवातीचा नकाशा तयार झाला. मला हा प्रसंग नेहमी हेलावून टाकतो. पेन्शनच्या कागदांतून मेंदूचा नकाशा निघाला.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे गॉर्डन होम्स यांनी हाच नकाशा पुढे नेला. त्याच काळात, १९१७ मध्ये, जॉर्ज रिडॉक यांनी वेगळंच निरीक्षण मांडलं: काही जखमी सैनिकांना आंधळ्या बाजूला ठेवलेली स्थिर वस्तू अजिबात कळत नव्हती, पण तीच हलवली की काहीतरी हललं असं जाणवत होतं. आकार नाही, रंग नाही, नुसती हालचाल. होम्स यांना हे पटलं नाही. आज मात्र या अनुभवाला रिडॉक यांचंच नाव आहे.

नंतर आली हेलन. ही एक माकडीण होती. १९६५ मध्ये केंब्रिजमध्ये लॅरी वाइस्क्रांट्झ यांच्या प्रयोगशाळेत तिचं प्राथमिक दृष्टिकेंद्र काढून टाकण्यात आलं. पाठ्यपुस्तकाप्रमाणे ती पूर्ण आंधळी व्हायला हवी होती. निकोलस हम्फ्री या तरुण संशोधकाने तिच्याशी खेळायला, तिला बाहेर फिरवायला सुरुवात केली आणि पुढची सात वर्षं तो हे करत राहिला. हळूहळू हेलन खोलीतले अडथळे चुकवू लागली, जमिनीवरचे बारीक कण उचलू लागली. पण समोरची वस्तू काय आहे हे ओळखणं तिला शेवटपर्यंत जमलं नाही.

माकडाला "तुला दिसतंय का?" असं विचारता येत नाही. माणसाला येतं. १९७३ मध्ये अर्न्स्ट पोपेल, रिचर्ड हेल्ड आणि डग्लस फ्रॉस्ट यांनी आंधळ्या बाजूला प्रकाशाचा ठिपका चमकवून पेशंटना अंदाजाने तिकडे डोळे वळवायला सांगितलं. डोळे थोडेफार योग्य दिशेला वळले. त्याच वर्षी डी. बी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या पेशंटच्या मेंदूच्या उजव्या मागच्या भागातून रक्तवाहिन्यांची गाठ काढण्यात आली आणि त्याची डावी बाजू गेली. वाइस्क्रांट्झ, एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला अंदाजाने ठिपक्याकडे बोट दाखवायला सांगितलं, रेघ उभी की आडवी ते विचारलं, फुली की गोल ते विचारलं. चित्र पुरेसं मोठं असलं की त्याची उत्तरं मोठ्या प्रमाणात बरोबर येत होती. निकाल सांगितल्यावर तो चकित झाला, कारण त्याच्या लेखी तो फक्त ठोकून देत होता.

यालाच ब्लाइंडसाइट म्हणतात का?

हो. हा शब्द १९७४ मध्ये डी. बी.च्या संदर्भात वापरात आला. शब्दशः "आंधळी दृष्टी". नाव विरोधाभासाचं वाटतं, पण ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. पुढे वाइस्क्रांट्झ यांनीच त्याचे दोन प्रकार केले. पहिल्यात माणसाला कसलीच जाणीव नसते, तरी उत्तर बरोबर येतं. दुसऱ्यात "काहीतरी झालं" एवढं जाणवतं, पण त्याला तो "दिसणं" म्हणत नाही. रिडॉकचे सैनिक बहुधा दुसऱ्या प्रकारचे.

प्राथमिक केंद्रच गेलं, तर संदेश पोहोचतो कुठून?

आडवाटांनी. डोळ्यातून निघणारे सगळे तंतू एलजीएनकडे जात नाहीत. साधारण दहावा भाग मेंदूच्या मधल्या खोडातल्या सुपिरिअर कॉलिक्युलस या जुन्या ठाण्याकडे वळतो. उत्क्रांतीच्या दृष्टीने हे ठाणं फार पुराणं आहे. मासे आणि बेडूक यांच्यात दृष्टीचं बरंचसं काम त्याच्यासारखीच रचना करते. आपल्यात ते मुख्यतः डोळे आणि मान झटकन वळवण्याचं काम पाहतं. तिथून थॅलॅमसमधल्या पल्व्हिनारमार्गे संदेश पुढच्या दृष्टिकेंद्रांत जाऊ शकतो.

दुसरी आडवाट अधिक अनपेक्षित आहे. एलजीएनमधून काही थोडे तंतू व्ही-वनला वळसा घालून थेट व्ही-फाइव्ह या हालचाल टिपणाऱ्या केंद्रात जातात. २०१० मध्ये मायकेल श्मिड आणि सहकाऱ्यांनी व्ही-वन गेलेल्या माकडांमध्ये एलजीएन तात्पुरतं बंद केलं, तेव्हा उरलेला प्रतिसादही गेला. २०१५ मध्ये सारा अजिना, हॉली ब्रिज आणि सहकाऱ्यांनी माणसांमध्ये तपासलं. ज्या पेशंटमध्ये ब्लाइंडसाइट होती, त्यांच्यात एलजीएन ते व्ही-फाइव्ह ही वाट शाबूत होती. ज्यांच्यात नव्हती, त्यांच्यात ती वाट बिघडलेली तरी होती किंवा सापडतच नव्हती.

मग कॉलिक्युलसची वाट निकामी का? तसं नाही. माकडांवरचे इतर प्रयोग तिचाही वाटा दाखवतात, विशेषतः डोळे वळवण्यात. मला वाटतं, "नेमकी कुठली वाट?" हा वाद थोडा ताणला गेला आहे. कामानुसार वेगवेगळ्या वाटा वापरल्या जात असणार.

याशिवाय एक तिसरी व्यवस्था आहे, ती चित्रांशी संबंधित नाही. दृष्टिपटलातल्या काही पेशी फक्त उजेड किती आहे ते मोजतात आणि त्यावरून बाहुली लहान-मोठी होते, झोपेचं घड्याळ लागतं.

न दिसणाऱ्या बाजूचं मेंदूला काय काय कळू शकतं?

सगळ्यात जास्त हालचाल. जी. वाय. या पेशंटच्या डोक्याला वयाच्या आठव्या वर्षी अपघातात मार बसला आणि दृश्याची उजवी बाजू गेली. एखादी गोष्ट कुठल्या दिशेने हलते आहे, हे तो आंधळ्या बाजूलाही फार चांगलं सांगू शकत असे. १९९३ मध्ये जॉन बार्बर, सेमीर झेकी आणि सहकाऱ्यांनी स्कॅनमध्ये दाखवलं की त्या वेळी त्याचं व्ही-फाइव्ह जागं होतं, व्ही-वनच्या मदतीशिवाय. झपाट्याने हलणाऱ्या गोष्टीची त्याला कधी कधी जाणीवही होई. ती काळ्यावर हलणाऱ्या काळ्या सावलीसारखी असते, असं तो सांगे. दिसण्याचा आपला शब्दसाठा इथे अपुरा पडतो.

हालचालीखालोखाल लुकलुकणारा प्रकाश, वस्तू अंदाजे कुठल्या जागी आहे, जाडसर पट्ट्यांची दिशा, आणि काहींमध्ये रंगांतला फरक.

बारीक अक्षरं, ओळखीच्या माणसाचं नाव, ताटलीत काय वाढलंय हे मात्र आडवाटांनी येत नाही. आंधळ्या बाजूने कुणी पुस्तक वाचू शकत नाही.

चेहऱ्यावरची भीती न बघताच कळते, हे खरं आहे का?

काही पेशंटमध्ये, हो. १९९९ मध्ये बिआट्रिस द गेल्डर आणि सहकाऱ्यांनी जी. वाय.ला आंधळ्या बाजूला हावभाव करणाऱ्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली. भाव कोणता, हे तो अंदाजाने सांगत होता आणि त्याचे अंदाज योगायोगापेक्षा बरेच सरस होते. दोन वर्षांनी स्कॅनमध्ये दिसलं की घाबरलेला चेहरा आंधळ्या बाजूला दाखवला तरी त्याचा अमिग्डाला हा धोका ओळखणारा भाग प्रतिसाद देतो.

टी. एन. या पेशंटची गोष्ट आणखी पुढची आहे. हा पेशाने डॉक्टर. लागोपाठ दोन स्ट्रोकमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंची दृष्टिकेंद्रं गेली, म्हणजे अर्धी नजरही उरली नाही. तो पांढरी काठी घेऊन चालत असे. २००५ मध्ये अ‍ॅलन पेन्या यांच्या गटाने दाखवलं की चौकोन-वर्तुळ किंवा पुरुष-स्त्री असा फरक त्याला अजिबात सांगता येत नव्हता, पण चेहरा रागावलेला की हसरा हे तो योगायोगापेक्षा अधिक वेळा बरोबर सांगत होता, आणि त्या वेळी त्याचा उजवा अमिग्डाला जागा होत होता.

२००८ मध्ये त्याला एका लांब कॉरिडॉरमधून काठीशिवाय चालायला सांगितलं. वाटेत खोकी, खुर्च्या, असे अडथळे ठेवले होते, पण त्याला ते सांगितलं नव्हतं. मागून आधारासाठी स्वतः वाइस्क्रांट्झ चालत होते. टी. एन. एकाही अडथळ्याला न धडकता, अंग वळवत पार गेला. आपण काही चुकवलं आहे, हे त्याला कळलंच नव्हतं.

त्यानंतरचा, २००९ मधला, मार्को तामिएत्तो यांचा प्रयोग मला सगळ्यात बोलका वाटतो. आंधळ्या बाजूला आनंदी किंवा घाबरलेली माणसं दाखवल्यावर पेशंटच्या स्वतःच्या चेहऱ्याचे स्नायू त्या भावाप्रमाणे सूक्ष्म हलत होते, आणि दिसलेल्या चित्रांपेक्षा न दिसलेल्या चित्रांना ते लवकर हलत होते.

जाणीवच नाही, तर प्रतिसाद मोजतात कसा?

"काय दिसलं?" असं विचारून उपयोग नसतो. म्हणून दोनच पर्याय देऊन एक निवडायला लावतात. नुसत्या नशिबावर शंभरात पन्नास उत्तरं बरोबर यायला हवीत. शेकडो फेऱ्यांत सातत्याने त्याहून बरीच जास्त आली, की आत काहीतरी पोहोचतंय हे उघड होतं.

काही पेशंटना न दिसलेल्या गोष्टीबद्दल अंदाज करायला सांगणं मूर्खपणाचं, कधी अपमानास्पद वाटतं. तेव्हा न विचारता मोजायच्या पद्धती वापरतात: बाहुलीचा आकार, स्नायूंची हालचाल, एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग चेतला ते दाखवणारा स्कॅन). एक सुंदर पद्धत इटलीच्या कार्लो मार्झी यांनी १९८६ मध्ये वापरली. चांगल्या बाजूला ठिपका दिसला की बटण दाबायचं. त्याच क्षणी आंधळ्या बाजूलाही ठिपका चमकवला, तर काही पेशंटचं बटण थोडं लवकर दाबलं जातं. न दिसलेला ठिपका दिसलेल्याला हातभार लावतो.

त्यांना थोडंसं दिसतच असेल आणि ते सांगत नसतील, असं नाही का?

हा प्रश्न संशोधकांनी स्वतःलाच फार कठोरपणे विचारला आहे. १९८३ मध्ये जॉन कँपियन, रिचर्ड लॅटो आणि वाय. एम. स्मिथ यांनी तीन शंका मांडल्या. एक, प्रकाश डोळ्यात पसरून चांगल्या बाजूला पोहोचत असेल. दोन, दृष्टिकेंद्राचा एखादा तुकडा जिवंत उरला असेल. तीन, अंधुक दिसत असेल, पण माणूस "हो" म्हणायला कचरत असेल.

पहिल्या शंकेला उत्तर देताना तो आंधळा ठिपका कामी आला. डी. बी.च्या डोळ्यात प्रकाश नेमका त्या नैसर्गिक ठिपक्यावर पाडला. प्रकाश पसरून उत्तर मिळत असतं, तर इथेही मिळालं असतं. मिळालं नाही. ठिपका सोडून आंधळ्या बाजूच्या इतर भागात मात्र मिळत होतं.

दुसऱ्या शंकेला टी. एन.ची उद्ध्वस्त दृष्टिकेंद्रं हे बऱ्यापैकी उत्तर आहे, पण प्रत्येक पेशंटला ते लागू होत नाही. काहींमध्ये जिवंत बेटं खरोखरच सापडतात.

तिसरी शंका सगळ्यात चिवट. १९९७ मध्ये पॉल अझोपार्डी आणि अ‍ॅलन काउई यांनी जी. वाय.ला दोन प्रकारे विचारलं, "होतं की नव्हतं?" आणि "दोन वेळांपैकी चित्र पहिल्या वेळी होतं की दुसऱ्या?" निरोगी माणसाला अगदी अंधुक चित्र दाखवलं तर दोन्ही पद्धतींत त्याची क्षमता सारखीच निघते. जी. वाय.ची स्थिर चित्रांबाबत सारखी निघाली नाही. म्हणजे ही नुसती अंधुक नजर नसावी. तरीही २०२१ मध्ये तत्त्वज्ञ इयन फिलिप्स यांनी पुन्हा बाजू मांडली की ब्लाइंडसाइट ही खालावलेली, पण जाणिवेतलीच दृष्टी आहे.

माझं मत असं: दुसऱ्या प्रकारच्या ब्लाइंडसाइटबद्दल फिलिप्स यांच्या म्हणण्यात बरंच तथ्य आहे, पण टी. एन.च्या कॉरिडॉरला ते पुरत नाही. आणि हा वाद जाणिवेच्या व्याख्येचा आहे. पेशंटच्या प्रामाणिकपणाचा तो कधीच नव्हता.

म्हणजे हेमिअ‍ॅनोपिया झालेल्या प्रत्येकाला ब्लाइंडसाइट असते?

नाही. इजा कुठे, किती खोल आणि कुठल्या वयात झाली, यावर ते अवलंबून असतं. काही अभ्यासांत जन्मतः किंवा जन्माच्या सुमारास इजा झालेल्या मुलांमध्ये हा प्रतिसाद सापडला, तर नंतरच्या वयात इजा झालेल्या मुलांमध्ये सापडला नाही. लहान मेंदू वाटा नव्याने बांधतो, हे एक कारण असावं. प्रयोगशाळेबाहेर ब्लाइंडसाइट तपासण्याची नेहमीची चाचणी नसते, त्यामुळे ती नाही म्हणून निराश होऊ नका.

काचबिंदू किंवा मॅक्युलाच्या (दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या) आजारात हेच होतं का?

नाही, तिथे बिघाड उगमाशीच आहे. दृष्टिपटलाच्या किंवा नर्व्हच्या त्या भागातून संदेशच निघत नाही, मग आडवाट कुठली? पण मेंदूचा जो तुकडा त्या संदेशाची वाट बघत असतो, त्याचं काय होतं, हा मोठा रोचक प्रश्न आहे. मॅक्युलर डिजनरेशनमध्ये नजरेचा मध्य जातो. २००५ मध्ये ख्रिस बेकर, नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी अशा दोन जणांमध्ये पाहिलं की मध्यासाठी राखलेला मेंदूचा भाग कडेच्या चित्रांना प्रतिसाद देत होता. २००८ मध्ये योइचिरो मासुदा आणि ब्रायन वँडेल यांच्या गटाला आढळलं की हा प्रतिसाद नुसतं बघताना येत नाही, चित्राबद्दल काही काम दिलं की येतो. म्हणजे मेंदूची नवी जोडणी झाली, की वरच्या केंद्रांकडून आधीपासून येणारे संदेश आता उघडे पडले? दुसऱ्या शक्यतेकडे माझा कल आहे.

नजर कमी झाल्यापासून आईला नसलेली माणसं दिसतात. मनाचा आजार आहे का?

बहुधा नाही. १७६० मध्ये जिनिव्हाच्या शार्ल बॉने यांनी आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलं: नजर मंदावलेली, बुद्धी शाबूत, आणि डोळ्यांसमोर माणसं, पक्षी, इमारती. आज याला शार्ल बॉने सिंड्रोम म्हणतात. बाहेरून येणारे संदेश आटले की दृष्टिकेंद्रं आपणहून चेततात. १९९८ मध्ये डॉमिनिक फिच यांनी स्कॅनमध्ये दाखवलं की रंगांचे भास होताना रंगांचं केंद्र चेतलेलं असतं. ब्लाइंडसाइटमध्ये चित्र असतं आणि दिसत नाही. इथे चित्र नसतं आणि दिसतं.

वेडं ठरवतील या भीतीने अनेक वृद्ध हे कुणालाच सांगत नाहीत. त्यांना आपणहून, शांतपणे विचारा. ही चित्रं खरी नाहीत हे त्यांना सहसा ठाऊक असतं. भासांबरोबर आवाज ऐकू येत असतील, गोंधळ किंवा विसराळूपणा वाढला असेल, तर कारण वेगळं असू शकतं. डॉक्टरांना लगेच दाखवा.

डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, असंही एक ऐकलं होतं. ते हेच का?

ते निग्लेक्ट. त्यात दृष्टिकेंद्र चांगलं असू शकतं, इजा असते लक्ष वळवणाऱ्या भागात, बहुतेकदा मेंदूच्या उजव्या बाजूला. १९८८ मध्ये जॉन मार्शल आणि पीटर हॅलिगन यांनी अशा एका बाईंना दोन घरांची चित्रं दाखवली. एका घराच्या डाव्या बाजूला ज्वाळा होत्या. दोन्ही घरं सारखीच आहेत, असं त्या म्हणाल्या. राहायला कुठलं आवडेल विचारल्यावर मात्र बहुतेक वेळा न जळणारं निवडलं. इथेही न दिसलेलं आत पोहोचलं होतं. उपचार वेगळे असल्याने हा फरक तपासून घ्यायला हवा. दोन्ही एकत्रही असू शकतात.

सरावाने नजर परत येते का?

स्ट्रोकनंतर आपोआप होणारी सुधारणा प्रामुख्याने पहिल्या तीन महिन्यांत होते. त्यानंतर काहीच बदलत नाही असं पूर्वी मानत. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या क्रिस्टेल हक्सलिन यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की आंधळ्या बाजूला हालचाल ओळखण्याचा सराव महिनोन्‌महिने, रोज शेकडो वेळा केला, तर सराव केलेल्या जागी हालचाल पुन्हा कळू लागते, जाणिवेसकट. २०२०च्या त्यांच्याच अभ्यासात स्ट्रोकनंतर लवकर सुरू केलेला सराव अधिक वेगाने लागू पडला. आशा वाटावी असंच हे आहे. पण सुधारणा बहुधा आंधळ्या भागाच्या कडेशी आणि थोडी होते. "पूर्ण नजर परत" असं सांगून कुणी मोठी रक्कम मागत असेल, तर सावध राहा.

रोजच्या जगण्यात जास्त उपयोगी पडतं ते नजर फिरवण्याचं प्रशिक्षण: आंधळ्या बाजूला मुद्दाम, मोठ्या टप्प्याने डोळे नेण्याची सवय. वाचताना अडचण कुठली येते ते बाजूवर ठरतं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. उजवी बाजू गेली असेल तर पुढचा शब्द दिसत नाही आणि वाचन फार संथ होतं. डावी गेली असेल तर पुढच्या ओळीची सुरुवात हरवते. अशा वेळी पानाच्या डाव्या कडेला पट्टी किंवा बोट ठेवलं तरी फरक पडतो.

आंधळ्या बाजूचंही मेंदूला कळतं, मग गाडी चालवायला हरकत काय?

हरकत आहे. टी. एन. सावकाश चालत होता, अडथळे स्थिर होते, मागे माणूस होता. रस्त्यावर यातलं काहीच नसतं. डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय चाक हातात घेऊ नका.

"दिसत नाही म्हणता, मग चेंडू कसा चुकवलात?" असं मी त्यांना बोललो. चुकलं का?

बोलण्यामागचं आश्चर्य समजण्यासारखं आहे, पण हो, त्यांना ते लागलं असणार. चेंडू हलत होता, आणि हालचालीसाठी आडवाटा असतात. त्यांना तो खरंच दिसला नाही. हे त्यांना समजावून सांगा. आपल्याच शरीराने आपल्याला न विचारता काहीतरी केलं, ही भावना भीतीदायक असते, आणि तिचं कारण कळलं की ती बरीच उतरते.

डॉक्टरांकडे जाताना काय टिपून न्यावं?

कुठल्या बाजूने काय झालं आणि केव्हा: धडक, दचकणं, चुकवणं, सगळं तारखेसह. वस्तू स्थिर होती की हलत होती. उजेड किती होता. आवाज झाला होता का, कारण कधी कधी प्रतिसाद कानाने मिळालेल्या खुणेला असतो. भास झाले असतील तर त्यांचं वर्णन. आणि पेशंटने स्वतः वापरलेले शब्द जसेच्या तसे. "सावली गेली", "काहीतरी वाटलं", "काहीच नाही" या तीन उत्तरांत तपासणाऱ्याच्या दृष्टीने मोठा फरक असतो. ते सुधारून लिहू नका.